मनोरा रंगवला, पण बघणारा कोण?

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरून उत्तरेकडे बघितलं की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी सातपुड्याची निळी रांग दिसते. मार्च-एप्रिलमध्ये रात्री कधीकधी त्या रांगेवर एक लालसर रेघ उमटते. पहिल्या वर्षाला असताना मी ती पहिल्यांदा पाहिली. रूम पार्टनरला हाक मारून म्हणालो, "अरे बघ, डोंगराला लायटिंगची माळ लावल्यासारखं दिसतंय!" आम्ही दोघांनी मोबाईलवर फोटोही काढला. तो काही नीट आला नाही. मग आम्ही मेसमध्ये जेवायला गेलो आणि विसरलो.

ती माळ म्हणजे वणवा होता. हे मला कळायला दोन वर्षं लागली, आणि कळलं तेही जरा लाज वाटेल अशा पद्धतीने. त्याचीच ही गोष्ट. शेवटी माझं मतही सांगणार आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर मेसच्या लायनीत भांडू.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघं दोन गाड्यांवर सातपुड्यात गेलो. वनखात्याचा एक जुना पहारा मनोरा दुरुस्त झालाय, वरून तापीपर्यंतचं खोरं दिसतं, असं ऐकलं होतं. आग्रा रोडने निघालो, पुढे उजवीकडे वळलो, डांबर संपलं, मुरूम लागला आणि मग नुसती बैलगाडीची वाट. पळस ऐन भरात होता. सागाची पानं गळून वाटेवर घोट्याएवढा पाचोळा साचला होता. चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. वनरक्षक साहेबांना आधी विचारलं होतं, त्यामुळे अडवलं कोणी नाही. त्यांनी एकच अट घातली होती : काडेपेटी, लायटर, सिगारेट काहीही जंगलात न्यायचं नाही.

मनोरा लांबूनच दिसला. ताजा हिरवा-पांढरा रंग, नवे पत्रे, नवं रेलिंग, पायऱ्या पक्क्या केलेल्या. खाली 'व्ह्यू पॉइंट' अशी पाटी. आम्ही खूश. धडाधड वर चढलो, चारी दिशांना फोटो काढले. दक्षिणेला शेतं आणि त्यापलीकडे धुरकट पट्टा, उत्तरेला डोंगरामागे डोंगर, थेट मध्यप्रदेशात गेलेले. दहा मिनिटांत सगळं बघून झालं. आता काय? एकाने डबा काढला.

तेवढ्यात खालून हाक आली, "कथाना शेतस रे भाऊ?"

पन्नाशीचा एक पावरा माणूस वर आला. खांद्यावर टॉवेल, हातात काठी, कमरेला कोयता. उन्हाळ्यात तो तिथे आगीच्या पहाऱ्यावर असतो. आम्ही त्याला दादा म्हणू लागलो. कॉलेजची पोरं आहेत म्हटल्यावर तो आधी आमच्या खिशांकडे बघून हसला. म्हणाला, "पेटी नाही ना कोणाकडे?" मग डब्यातली पोळी-भाजी आमच्याबरोबर बसून खाल्ली.

मी सहज विचारलं, "दादा, आता मनोरा भारी झाला ना?" तो म्हणाला, "झाला ना. आधी पावसात पत्र्यातून पाणी यायचं, पायरी हालायची. आता बरं आहे." मग मध्ये असलेल्या ओट्यावर हात फिरवत म्हणाला, "फक्त हे नव्हतं करायचं." ओट्यावर चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. त्याखाली पूर्वी नुसतं सिमेंट होतं. त्या सिमेंटवर त्याच्या आधीच्या पहारेकऱ्यांनी खिळ्याने रेघा ओढल्या होत्या. एकेक रेघ एकेका पाड्याच्या, नाल्याच्या, टेकडीच्या दिशेने. धूर दिसला की ओट्याजवळ उभं राहायचं, काठी धुराच्या रोखाने धरायची आणि ती कोणत्या दोन रेघांच्या मध्ये येते ते बघायचं. मग ज्या पाड्यावरून तिथे लवकर पोचता येईल तिकडे माणूस पिटाळायचा. दुरुस्तीत ओटा 'खराब' दिसला असणार, म्हणून त्यावर टाइल्स आल्या. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण मनोऱ्यातली कामाची एकमेव वस्तू तीच होती, आणि तीच झाकली गेली.

माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. मी सिव्हिलचा विद्यार्थी. ह्या ओट्याचं नाव आमच्या जर्नलमध्ये आहे : प्लेन टेबल! आणि ती काठी म्हणजे अॅलिडेड. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण ग्राउंडवर उन्हात उभे राहून 'हे कशाला शिकवतात' असं म्हणत ज्याच्या नावाने बोटं मोडतो, तेच हे. एका ठिकाणाहून दिशा कळते, पण अंतर कळत नाही. म्हणजे आग एका रेषेवर कुठेतरी आहे एवढंच समजतं. दुसऱ्या टेकडीवरूनही कोणी दिशा घेतली, तर दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आग. ह्यालाच आपण इंटरसेक्शन म्हणतो. दहा किलोमीटरवरच्या धुराची दिशा घेताना एक अंशाची चूक झाली, तर जागा सुमारे १७५ मीटरने चुकते. डोंगरातल्या माणसाला तेवढं पुरतं, पुढे धूर नाकालाच कळतो.

घरी आल्यावर ह्याबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की अमेरिकेत ह्याच कल्पनेवर एक अख्खी व्यवस्था उभी राहिली होती. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, ८० च्या वर माणसं गेली. त्यानंतर तिथल्या वनखात्याने डोंगरमाथ्यांवर आगीच्या चौक्या बांधायचा सपाटा लावला. तिथल्याच डब्ल्यू. बी. ऑसबॉर्न नावाच्या वन-कर्मचाऱ्याने त्याच सुमारास एक यंत्र बनवलं : मध्ये गोल नकाशा, भोवती अंशांची कडी आणि फिरणारी दुर्बिणीविना नेम धरायची पट्टी. ते चौकीच्या मधोमध ठेवायचं. म्हणजे आपल्या दादाचा ओटाच, फक्त लोखंडी आणि पितळी. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात हॅली डॅगेट नावाच्या बाईंनी अशा चौकीवर एकटीने पहारा दिला. तिथल्या वनखात्याच्या त्या पहिल्या महिला पहारेकरी. लेखक जॅक केरुअॅक १९५६ च्या उन्हाळ्यात डेसोलेशन पीकवर ६३ दिवस असाच पहारेकरी होता.

पुढे विमानं आली, रेडिओ आले, चौक्या ओस पडल्या. बऱ्याच पाडल्या गेल्या. मग लोकांना जाग आली. वॉशिंग्टन राज्यात माउंट पिल्चक नावाचं शिखर आहे. तिथली जुनी चौकी गिर्यारोहण क्लबच्या स्वयंसेवकांनी दुरुस्त केली, आणि आत त्या जागेची आणि पहाऱ्याची माहिती लावली. १९९० मध्ये अशा चौक्या जपण्यासाठी तिथे एक संघटनाही स्थापन झाली. माझा मुद्दा असा की दुरुस्त केलेल्या अनेक चौक्यांमध्ये ते गोल यंत्र जिथल्या तिथे ठेवलेलं असतं. चौकी जपायची म्हणजे तिथे बसून माणूस काय करत होता तेही जपायचं, हे त्यांना कळलं. नाहीतर उरते ती डोंगरावरची एक खोली.

"पण ते अमेरिकेचं झालं," असं कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच सातपुड्यातलं सांगतो. वणव्यापासून जंगल राखायचा भारतातला पहिला यशस्वी प्रयोग ह्याच डोंगररांगेत झाला. १८६४ च्या सुमारास पिअर्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बोरीच्या जंगलात तो करून दाखवला. त्या वेळी बहुतेकांचं म्हणणं होतं की इथली जंगलं दर उन्हाळ्यात जळणारच, ते थांबवणं माणसाच्या हातात नाही. १८६५ मध्ये बोरी राखीव जंगल झालं. भारतातलं ते पहिलं राखीव जंगल मानलं जातं. आज ते मध्यप्रदेशात, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या भागात आहे. आणि आपल्या तालुक्यातलं म्हणाल तर १९८६ पासूनचं अनेर धरण अभयारण्य आहे, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचं. आपण तिकडे जातो ते धरणावर फोटो काढायला. अभयारण्याच्या पाटीसमोरून जाताना गाडीचा वेगही कमी होत नाही.

आता लाजेची गोष्ट.

जेवण झाल्यावर दादाने रेलिंगवरून समोरच्या उतारावर बोट दाखवलं. तिथे झाडं उभी होती, पण त्यांचे बुंधे खालून काळे होते. आणि त्या पट्ट्यात रोपटी, झुडपं काहीच नव्हतं. आजूबाजूला सालई-धावड्याची पोरं कमरेएवढी झालेली, आणि हा एवढाच तुकडा झाडून काढल्यासारखा. दादा म्हणाला, "दोन वर्षं झाली. पोरं आली होती बट्टी करायला. तिथे खाली, नाल्याच्या दगडांजवळ."

आमच्यातले दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक मी होतो.

पहिल्या वर्षाला, होळीच्या आसपास, आम्ही सातजण त्या नाल्यात वरण-बट्टीची पार्टी करायला गेलो होतो. मनोरा तेव्हा आम्हाला माहीतही नव्हता, आम्ही दुसऱ्या बाजूने आलो होतो. गोवऱ्या गावातून विकत घेतल्या. बट्ट्या झकास झाल्या होत्या, तुपात बुडवून खाल्ल्या. निघताना दोन बाटल्या पाणी ओतलं, वरून चार दगड टाकले आणि 'विझली' म्हणून निघालो. खानदेशात वाढलेल्या कोणालाही विचारा, गोवरीचा विस्तव वरून राख दिसतो आणि आतून तासन् तास धुमसत राहतो. म्हणून तर बट्टी आतपर्यंत भाजली जाते! जे बट्टीसाठी आम्हाला माहीत होतं, तेच जंगलासाठी आठवलं नाही. दुपारचा वारा सुटला असणार, एखादी ठिणगी पाचोळ्यात गेली असणार. आम्ही तोवर होस्टेलला पोचून झोपलो होतो.

मी दादाला सांगितलं, "दादा, ती आम्हीच पोरं." तोंडातून शब्द नीट निघत नव्हते. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं. चेहरे कोण लक्षात ठेवतो, पण तुमच्या गाडीचा तो आवाज लक्षात होता." त्याने सांगितलं की धूर त्याने मनोऱ्यावरूनच पाहिला. पांढरा आणि फुगत जाणारा. चुलीचा धूर पातळ, निळसर असतो आणि एका जागी राहतो, हा पसरत होता. त्याने जवळच्या पाड्यावर निरोप दिला. आठ-दहा माणसं आली, त्यात दोन बाया होत्या. हिरव्या फांद्यांनी झोडपून, पुढचा पाचोळा ओढून त्यांनी संध्याकाळपर्यंत आग अडवली. एकाचा हात भाजला. पलीकडच्या जाळरेषेपर्यंत आग गेली असती तर ती थांबली असती, कारण ती रेषा त्या वर्षी साफ होती. पण तिथपर्यंत जायला मधला सगळा उतार जळाला असता.

आम्हाला वाटलं होतं तो रागावेल. तो म्हणाला, "आला आहात तर दोन तास झाडू मारा." मनोऱ्याच्या खालची जाळरेषा पाचोळ्याने भरली होती. आम्ही चौघांनी उन्हं उतरेपर्यंत ती झाडली. हातांना फोड आले. प्रायश्चित्त वगैरे मोठा शब्द मी वापरणार नाही. जळालेली रोपटी त्याने परत येत नाहीत.

परतताना आमच्यातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "पण आता सॅटेलाईट आहे ना? मनोरा आणि माणूस कशाला?" प्रश्न बरोबर आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मासिकात त्याला टाळून चालणार नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीची ठिकाणं शोधते. सुरुवातीला मॉडिस नावाच्या संवेदकाचा एक किलोमीटरचा ठिपका असायचा, नंतर व्हिअर्स आला, त्याचा ठिपका ३७५ मीटरचा. आगीचा संदेश वनकर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर येतो. फार मोठं काम आहे हे, त्याला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण व्हिअर्सचे उपग्रह एखाद्या जागेवरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात. आमची आग दुपारी तीन-चारला लागली असेल, तर ती त्यांना दिसायला मध्यरात्र उजाडली असती. आणि आग लहान असते, विझवता येण्यासारखी असते, तेव्हाच ती वरून दिसणं सगळ्यात अवघड. दादाला ती दिसली तेव्हा ती एका अंगणाएवढी होती. म्हणून माझं म्हणणं असं की अख्ख्या जिल्ह्यावर नजर ठेवायला उपग्रह लागतोच, पण समोरचा उतार वाचवायला माणूस लागतो.

आणि माणसाचं काय चाललंय? दादाचं काम हंगामी, रोजंदारीचं. वणव्याचा हंगाम महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. तो संपला की त्याचं तिथलं काम संपतं. पुढच्या वर्षी त्यालाच बोलावतील असं काही लिहून दिलेलं नसतं. धुराचा रंग, वाऱ्याचा कल, कोणत्या नाल्यात आग कशी वळते, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. कुठल्याही वहीत नाही. ओट्यावरच्या रेघा ही त्या ज्ञानाची एकमेव लिखित प्रत होती. ती आता टाइल्सखाली आहे.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. वणवा म्हटलं की आपण पटकन म्हणतो, 'आदिवासी लावतात.' मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा काही जण जाळतात, हे खरं आहे. काही वेळा ती आग सुटते, हेही खरं. त्याला उपाय आहेत. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा करतात, त्यात फुलंही स्वच्छ मिळतात. पण ज्या आगीचा मी साक्षीदार आहे, ती इंजिनिअरिंगच्या सात विद्यार्थ्यांनी लावली आणि पाड्यावरच्या आठ-दहा माणसांनी विझवली. एवढा हिशेब मांडून मगच कोणाकडे बोट दाखवावं.

म्हणून माझी मतं सरळ सांगतो.

पहिलं, १५ फेब्रुवारीनंतर जंगलात बट्टी-भरिताच्या पार्ट्या बंद. होस्टेलच्या मागे मोकळी जागा आहे, रेक्टर सरांची परवानगी मागू. नळ शेजारीच आहे.

दुसरं, तो ओटा पुन्हा कामाचा करायचा. आमच्या सर्व्हेइंग लॅबमध्ये प्रिझमॅटिक कंपास आहे, थिओडोलाइट आहे. वनखात्याची परवानगी घेऊन दोन रविवारांत चारी बाजूंच्या पाड्यांच्या, नाल्यांच्या, टेकड्यांच्या दिशा मोजता येतील. एक गोल लोखंडी पत्रा, त्यावर अंश आणि गावांची नावं मराठीत, मध्ये फिरणारी पट्टी. मेकॅनिकलवाल्यांनी वर्कशॉपमध्ये मनावर घेतलं तर एका दिवसाचं काम. आणि नावं कोणती, रेघा कुठे, हे आपण ठरवायचं नाही. ते दादाला विचारायचं. शेवटच्या वर्षाचे मित्र प्रोजेक्टसाठी विषय शोधत हिंडत असतात, त्यांनी हा घ्यावा. सरांनी मार्क दिले नाहीत तरी चालतील, पण दिले तर बरं.

तिसरं, राष्ट्रीय सेवा योजनेच्या कॅम्पचे काही तास जाळरेषेसाठी द्यावेत. आपण दरवर्षी झाडं लावतो, फोटो काढतो, आणि मे महिन्यात ती वाळलेली बघतो. असलेली झाडं जळू न देणं हे त्यापेक्षा स्वस्त आणि जास्त फायद्याचं आहे. शिरपूर तालुका पाणी अडवण्याच्या कामासाठी ओळखला जातो. आगही अडवावी लागते.

जुन्या वास्तू दुरुस्त करायला माझा विरोध नाही. पत्रा गळत होता, पायरी हालत होती, ती नीट झाली हे चांगलंच झालं. दादाही तेच म्हणाला. पण बघण्यासाठी बांधलेल्या जागेचा जीर्णोद्धार रंगाने पुरा होत नाही. तिथे बघणारा हवा, त्याला काय दिसतंय ते मोजायचं साधन हवं, आणि त्याने हाक मारली तर धावून येणारे हवेत.

हे लिहीत असताना मार्च संपत आलाय. काल रात्री गच्चीवर गेलो होतो. डोंगरावर काही नव्हतं, नुसता काळोख. बरं वाटलं. तुम्हीही झोपायच्या आधी एकदा उत्तरेकडे बघत जा. लाल रेघ दिसली तर फोटो काढू नका, आधी वनखात्याला फोन करा. टोल-फ्री नंबर आहे १९२६. मी तो मेसच्या दारावर लिहून चिकटवलाय. कोणी फाडला तर परत लावीन.